कोकणात मुलांचा बास्केटबॉल संघ उभा करायचा तर: पावसापासून मागे मोजत

शालेय बास्केटबॉलचे तालुका आणि जिल्हा पातळीवरचे सामने साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत होतात. म्हणजे घाटावरचे संघ ऐन तयारीत असतात, तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातली उघडी मैदानं पाण्याखाली किंवा शेवाळाखाली असतात. कोकणातले बरेच संघ इथेच मोडतात. मुलांच्या अंगात कस असतो, पण जूनमध्ये सराव बंद पडतो आणि गणपतीनंतर घाईघाईने जमवलेला संघ पहिल्याच फेरीत घरी परततो. म्हणून सुरुवात बॉल किंवा जर्सीपासून करू नका. पावसाळ्यातले चार महिने कुठल्या छपराखाली खेळायचं, हे आधी ठरवा. त्याचं उत्तर मिळालं की बाकीची कामं करता येण्याजोगी आहेत.

वर्षाची आखणी

मुलं निवडायला डिसेंबर-जानेवारी उत्तम. हवा कोरडी असते आणि परीक्षा अजून लांब असते. जानेवारी-फेब्रुवारीत फक्त पाया घाला: पाय, हात, बॉलशी ओळख. मार्चमध्ये परीक्षा आणि शिमगा एकत्र येतात. तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस ठेवा आणि पालख्या नाचत असताना हजेरीवरून कुणाला बोलू नका. एप्रिल-मे हा सर्वांत मोलाचा काळ. सुट्टी असते, पण आंबा काढणीही असते. बागायतदारांच्या घरची मुलं सकाळी बागेत असतात, त्यामुळे सराव संध्याकाळी साडेपाचनंतर घ्या. मे महिन्यात मुंबई-ठाण्याहून चाकरमान्यांची मुलं गावी येतात आणि त्यातली काही तिकडे क्लबात खेळणारी असतात. त्यांना गाठून मैत्रीचे सामने लावा. तुमच्या मुलांना खरा वेग पहिल्यांदा तिथे दिसेल.

जून ते सप्टेंबर छपराखाली. गणपतीत पाच ते सात दिवस पूर्ण सुट्टी आधीच जाहीर करा, कारण त्या दिवसांत ठेवलेला सराव होत नाही आणि मोडलेल्या वेळापत्रकाची मुलांना सवय लागते.

छप्पर कुठे मिळेल

शाळेचं सभागृह, बॅडमिंटन हॉल, पत्र्याची मोठी शेड हे पर्याय सगळ्यांना सुचतात. मंगल कार्यालय मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, चातुर्मासात, लग्नाचे मुहूर्त नसतात आणि कार्यालयं बहुतेक दिवस रिकामी पडलेली असतात. मालकाशी बोलून आठवड्याचे तीन दिवस, सकाळी सहा ते साडेसात, ठरलेल्या भाड्यावर मागा. विजेचं बिल, झाडलोट आणि काच फुटली तर भरपाई या तीन गोष्टी कागदावर लिहून द्या, म्हणजे नंतर वाद होत नाही.

अशा जागेत रिंग नसते आणि फरशी गुळगुळीत असते. दमट हवेत फरशीवर ओल धरते आणि तिच्यावर धावता धावता थांबलेल्या मुलाचा पाय सरकून गुडघा मुरगळतो. सरावाआधी कोरड्या फडक्याने पुसा. मुलांना बाहेरचे बूट दारात काढून सरावाचे वेगळे बूट घालायला लावा. उड्यांचे आणि पूर्ण वेगाचे सराव तिथे घेऊच नका. तिथे ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत नेणं), पास, पिव्हट (एक पाय रोवून वळणं), बचावाची पावलं आणि बॉलशिवाय जागा बदलणं हे सगळं नीट होतं. शूटिंगसाठी भिंतीवर 3.05 मीटरवर खडूने खूण करून एका हाताने बॉल सोडण्याचा सराव घ्या. छत त्याहून फार उंच नसेल, तर दोघांना समोरासमोर उभं करून एकमेकांकडे कमान देत बॉल सोडायला लावा. रिंग नसली तरी मनगट, कोपर आणि बॉलची उलटी फिरकी बसते. पाऊस उघडलेल्या दिवशी मैदान कोरडं असेल तर लगेच बाहेर पडा. बॉल नेहमी हाताशी ठेवा.

मैदान

पूर्ण मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. ही मापं रेषांच्या आतल्या कडेपासून घेतात. चारी बाजूंनी 2 मीटर मोकळी जागा धरली तर 32 × 19 मीटरचा तुकडा लागतो. एवढी जागा नसेल तर 15 × 11 मीटरचं, एका रिंगचं 3×3 चं (तिघा-तिघांच्या खेळाचं) मैदान करा. तोकड्या मापाचं पूर्ण मैदान करण्यापेक्षा ते कधीही चांगलं. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलं तर संध्याकाळी समुद्राकडचं ऊन थेट एका संघाच्या डोळ्यांत जातं.

आखणी करताना काटकोन डोळ्यांनी ठरवू नका. चारही कोपरे ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येक 31.76 मीटर भरला पाहिजे. रेषा 5 सेंटिमीटर जाड. फ्री थ्रोची (फाऊलनंतर कुणी न अडवता मारायच्या शॉटची) रेषा, तिची लांबची कड धरून, अंतिम रेषेपासून (रिंगमागच्या टोकाच्या रेषेपासून) 5.80 मीटरवर आणि रिंगसमोरचा आयत 4.90 मीटर रुंद. तीन गुणांच्या रेषेसाठी रिंगच्या मध्याखालचा बिंदू काढा. तो अंतिम रेषेपासून 1.575 मीटर आत येतो. त्या बिंदूवर खिळा ठोकून 6.75 मीटरची दोरी फिरवा. ही 6.75 कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंतची आहे. दोन्ही बाजूंना, साइडलाइनपासून 0.90 मीटरवर, कमान सरळ रेषेला मिळते आणि ही सरळ रेषा अंतिम रेषेपासून 2.99 मीटर जाते. दोरी ताणली की लांबते, म्हणून सुतळीऐवजी तार किंवा मोजपट्टी वापरा.

लाल मातीच्या मैदानावर बॉल वेडावाकडा उसळतो आणि मुलं ड्रिबल करताना मान खाली घालून बॉलकडे बघायला शिकतात. ही सवय पुढे सहजासहजी सुटत नाही. कातळावर तर पडलं की गुडघे सोलून निघतात. जमेल तेव्हा काँक्रीट करा आणि उतार एकाच दिशेने, रुंदीच्या बाजूने, 100 ला 1 द्या. म्हणजे 15 मीटरमध्ये 15 सेंटिमीटर. गवंडी बहुतेकदा मैदानाच्या मधे फुगवटा देऊन दोन्हीकडे पाणी काढायचं सुचवतो. ते नको. सांधे योग्य अंतरावर ठेवा, नाहीतर स्लॅबला भेगा पडतात आणि पहिल्या पावसानंतर त्यांत गवत उगवतं. पावसाळ्यात शेवाळ धरतं. ते ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रशने खरवडून, भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण वाळल्यावरच मुलांना आत सोडा. काळपट दिसणारा कोपरा वाळलेला वाटतो, पण घसरतो.

खांब, फळी, रिंग

रिंगची उंची 3.05 मीटर, आतला व्यास 45 सेंटिमीटर. फळी (रिंगमागचा बोर्ड) 1.80 × 1.05 मीटर. तिची खालची कड 2.90 मीटरवर आणि फळीची पुढची बाजू अंतिम रेषेच्या 1.20 मीटर आत. नियमाप्रमाणे खांब अंतिम रेषेच्या 2 मीटर बाहेर हवा. जागेअभावी जवळ घेतलाच, तर त्याला जाड गादी बांधल्याशिवाय सामना खेळवू नका. वेगाने ले-अप (धावत येऊन रिंगजवळून मारलेला शॉट) मारून पुढे गेलेलं मूल थांबतं ते त्या खांबावरच.

नेहमीची चूक अशी होते: खांब आधी उभा राहतो, मग मैदानावर आणखी 10 सेंटिमीटर काँक्रीट पडतं आणि रिंग 2.95 वर येते. मुलं तिथे शिकतात आणि जिल्ह्याच्या मैदानावर त्यांचे शॉट पुढच्या कडेला आपटतात. म्हणून उंची शेवटचा थर वाळल्यावर, रिंगच्या बरोबर खालून मोजा. दर महिन्याला रिंगवर स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. मुलं लोंबकळली की रिंग पुढे झुकते आणि बॉल सहज आत पडायला लागतो. खेळणाऱ्यांना ते आवडतं, म्हणून कुणी सांगत नाही.

खाऱ्या हवेत लोखंड वेल्डिंगच्या सांध्यापासून गंजायला लागतं. बाजारातून जस्त चढवलेला पाइप आणून त्यावर वेल्डिंग केलं, तर त्या जागचं जस्त जळून जातं आणि दोन पावसाळ्यांत तिथेच पापुद्रे सुटतात. आधी सगळं वेल्डिंग करून मग पूर्ण सांगाडा गरम जस्तात बुडवून घ्या. वाहतुकीचा खर्च वाढतो, पण तो करा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, जाळी नायलॉनची. फळीसाठी फायबरची शीट किंवा जाड मरीन प्लाय. साधा प्लाय वर्षभरात फुगतो. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पत्रे आणि झाडं कशी उडाली हे सगळ्यांनी पाहिलं. वादळात फळी वारा धरते आणि सगळा ताण पायावर येतो. म्हणून पाया किती खोल घ्यायचा हे स्थानिक अभियंत्याकडून जमिनीप्रमाणे ठरवून घ्या. नुसता खड्डा खणून खडी भरू नका.

सामान

पैसे कमी असतील तर आधी बॉल घ्या. 12 मुलांना किमान 6 बॉल, शक्य असेल तर 12. बॉल कमी पडले की निम्मी मुलं रांगेत उभी राहतात. मापाचा घोळ मात्र करू नका. 12 वर्षांखालच्यांना 5 नंबर, मुलींना 6 नंबर, मोठ्या मुलांना 7 नंबर. 13-14 वर्षांच्या मुलांच्या स्पर्धेत कुठला बॉल आहे हे परिपत्रकात बघून त्याच मापाने सराव करा. लहान मुलाला 7 नंबर दिला की तो दोन्ही हातांनी कमरेपासून बॉल भिरकावतो आणि ती फेक मनगटात बसते. बाहेरच्या मैदानासाठी रबरी बॉल, कारण कृत्रिम चामड्याचा काँक्रीटवर लवकर घासतो आणि ओल शोषतो. हवा बॉलवर छापलेल्या दाबाएवढी, बहुधा 7 ते 9 पीएसआय. पंपाची सुई कोरडी खुपसू नका, ओली करा. कोरड्या सुईने व्हॉल्व्ह फाटतो.

बाकी 12 शंकू, दोन रंगांच्या बनियन, शिटी, पंप, चार-पाच सुया, स्टॉपवॉच, क्रेप बँडेज, बर्फासाठी थर्मास. जर्सीचे दोन जोड: एक फिका, एक गडद. मागचा नंबर किमान 20 सेंटिमीटर, पुढचा 10. बूट टाचेला रुंद आणि सपाट तळाचे. धावण्याच्या उंच टाचेच्या बुटात घोटा सहज मुरगळतो.

मुलं कुठून आणायची

उंच मुलं शोधत बसू नका. कोकणात गावोगावी कबड्डी आहे, आणि कबड्डी खेळणारं मूल बास्केटबॉलच्या बचावाची अर्धी तयारी करूनच येतं. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाय सतत हलते, समोरच्याच्या पोटाकडे नजर. पण कबड्डीत हात लावणं हाच खेळ आहे आणि इथे तोच फाऊल आहे. पहिले दोन महिने या मुलांना बचाव करताना स्वतःच्या जर्सीची टोकं दोन्ही मुठींत धरायला लावा. हात अडकले की पाय काम करतात. मग एक हात सोडा, मग दुसरा. असं केलं नाही तर तुमचा सर्वांत चपळ बचावपटू दुसऱ्या क्वार्टरमध्येच (सामन्याच्या चारपैकी दुसऱ्या भागात) तीन फाऊल घेऊन बाकावर बसतो, आणि पाचवा फाऊल झाला की सामन्याबाहेर जातो.

खो-खोची मुलं वळण घेण्यात तरबेज असतात, व्हॉलीबॉलची मुलं उडी वेळेवर घेतात. निवड एका दिवसात करू नका. सहा सत्रं सगळ्यांना खेळू द्या आणि तीन गोष्टी टिपा: सांगितलेलं दुसऱ्या दिवशी आठवतं का, बॉल हातातून गेल्यावर परत धावतो का, दमल्यावर सहकाऱ्यावर चिडतो का. 16 ते 18 मुलं घ्या. सामन्याच्या यादीत 12 बसतात, पण दहावी, गावची कामं आणि बदल्या यांत चार-पाच गळतातच. आठ-दहाच मुलं मिळाली तर निराश होऊ नका, 3×3 ने सुरुवात करा. त्यात संघ चारच जणांचा, तीन मैदानात आणि एक राखीव. सामना 10 मिनिटांचा, आधी 21 करणारा जिंकतो, शॉटला 12 सेकंद.

पालकांना प्रत्यक्ष भेटा. "अभ्यास कधी करतलो?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. त्यांना सरावाचे दिवस, घरी पोचायची वेळ आणि परीक्षेच्या महिन्यातली सवलत लिहून द्या. राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीत क्रीडागुणांची तरतूद आहे, तेही सांगा, पण आमिष म्हणून दाखवू नका. शेवटच्या एसटीच्या वेळेवर सराव संपवा. ती चुकली की मूल दोन-तीन किलोमीटर अंधारातून चालत जातं, आणि दुसऱ्या दिवशी पालक पाठवत नाहीत, ते योग्यच आहे.

मुलींचा संघ असेल तर प्रत्येक प्रवासात एक बाई सोबत हवीच. एकट्या मुलाला किंवा मुलीला प्रशिक्षकाच्या गाडीतून नेऊ नका. पालकांची लेखी संमती, रक्तगट, दमा किंवा फिट्स असल्यास त्याची नोंद आणि दोन फोन नंबर सरावाच्या पिशवीत कायम ठेवा.

नव्वद मिनिटांचा सराव

पहिली 12 मिनिटं अंग गरम करणं, त्यातली पाच उडी मारून नीट उतरण्यावर: दोन्ही पायांवर, गुडघे पंजांच्या रेषेत, आवाज न करता. गुडघे आत झुकणारी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवा. पुढची 18 मिनिटं बॉल हाताळणी, निम्मा वेळ डाव्या हाताने. मग 20 मिनिटं शूटिंग, 20 मिनिटं दोन-दोन किंवा तीन-तीनचा खेळ, 15 मिनिटं पूर्ण मैदान, शेवटी पाच मिनिटं फ्री थ्रो. ते दमल्यावरच घ्या, कारण सामन्यातही ते दमल्यावरच येतात. प्रत्येकाने 10 मारायचे आणि किती पडले ते वहीत लिहायचं.

ले-अप बहुतेक जण उलट क्रमाने शिकवतात. लांबून ड्रिबल करत आणतात आणि शेवटी पाय चुकतात. रिंगपासून सुरू करा. उजव्या बाजूला, फळीवर रिंगमागे आखलेल्या चौकोनाच्या खाली तिरकं उभं राहून, डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर, उजव्या हाताने बॉल चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला. हे दहापैकी आठ वेळा जमलं की एक पाऊल मागे: उजवा, डावा, उडी. मग एक ड्रिबल जोडा. नंतर धावत. पहिल्या दिवसापासून डाव्या बाजूलाही तेवढेच. बॉल फळीवर जोरात आपटून परत येत असेल, तर मूल पुढे उडी मारतंय. त्याला वर उडी मारायला शिकवा. रिंगच्या अर्धा मीटर पुढे जमिनीवर खडूची रेघ ओढा आणि तिच्यामागून उडी घ्यायला लावा.

14 वर्षांखालच्यांना मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने एकेक खेळाडू धरायचा) बचावच शिकवा. झोन (प्रत्येकाने ठरलेली जागा राखायची) लावून स्थानिक सामने लवकर जिंकता येतात, कारण त्या वयात बाहेरून शॉट पडत नाहीत. पण झोनमध्ये वाढलेलं मूल 17 वर्षांखालच्या गटात गेलं की समोरच्याला थांबवू शकत नाही, आणि तेव्हा शिकायला उशीर झालेला असतो.

नव्या संघाला सर्वांत जास्त गुण पूर्ण मैदानाच्या दबावात जातात. बॉल पुढच्या अर्ध्यात न्यायला 8 सेकंद असतात. घाबरलेलं मूल ड्रिबल करत साइडलाइनच्या कोपऱ्यात शिरतं आणि दोघं त्याला घेरतात. नियम एकच ठेवा: बॉल मिळाल्यावर आधी पुढे बघायचं, मधल्या जागेत एक सहकारी कायम हवा, आणि एकजण बॉलच्या मागे राहायला हवा. पाच विरुद्ध सात खेळवून याचा सराव घ्या. सात जणांचा दबाव झेलता आला की पाचांचा सोपा वाटतो.

दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. दर 15-20 मिनिटांनी पाणी पाजा. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत चालतं. चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ दिसला तर सावलीत झोपवून अंगावर पाणी ओता, पंखा घाला आणि दवाखाना गाठा. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखू लागलं तर "खेळून जाईल" म्हणू नका. उड्या कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

कागद आणि नोंदणी

शालेय स्पर्धेचा रस्ता तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असा. गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील. माहिती आणि मुदत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मिळते. जूनमध्येच तिथे जाऊन परिपत्रक घ्या. शाळेचं बोनाफाईड, जन्मदाखला, आधार आणि फोटो यांची प्रत्येकाची एक फाईल करा. नावाचं स्पेलिंग तिन्ही कागदांवर जुळलं पाहिजे. न जुळल्यास दुरुस्तीला वेळ लागतो आणि मूल मैदानाबाहेर राहतं.

शाळेबाहेर क्लब काढायचा असेल, तर किमान सात जणांची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, पॅन काढा, दोन सह्यांचं बँक खातं उघडा आणि मग जिल्हा संघटनेकडे संलग्नता मागा. जमाखर्च पहिल्या रुपयापासून लिहा. गावच्या मंडळाकडून किंवा मुंबईकरांकडून देणगी आली तर पावती त्याच दिवशी द्या.

सामन्याचा दिवस

ठरलेल्या वेळेनंतर 15 मिनिटांत पाच खेळाडू हजर नसतील तर सामना 20-0 ने जातो. घाटात दरड किंवा रस्त्यावर पाणी ही कारणं पंच ऐकतात, पण नियम तोच. लांबचा सामना असेल तर आदल्या संध्याकाळी निघा. सोबत पेज किंवा भाकरी-भाजीसारखं साधं खाणं घ्या, सामन्याच्या तीन तास आधी. नवी जागा, नवं तेल म्हणजे पोट बिघडायची हमी.

स्कोअर शीट लिहायला एका पालकाला किंवा राखीव मुलाला शिकवून ठेवा. दर क्वार्टरला संघाचे चार फाऊल भरले की पाचव्यापासून समोरच्याला फ्री थ्रो मिळतात. बाकावर हे मोजणारं कुणी नसेल, तर नको तिथे गुण जातात. टाइम-आऊट पहिल्या अर्ध्यात 2, दुसऱ्या अर्ध्यात 3. पहिल्या अर्ध्यातले उरलेले पुढे मिळत नाहीत, म्हणून ते जपून ठेवू नका.

पहिल्या वर्षी गुणफलकापेक्षा तीन आकडे लिहा: बॉल किती वेळा हातचा गेला, किती ले-अप चुकले, किती फ्री थ्रो पडले. पुढच्या महिन्याचा सराव त्यावरूनच ठरवा.

स्पर्धा संपल्यावर, नोव्हेंबरात, खांब खरवडून झिंक प्रायमर आणि रंग द्या, जाळी बदला, रेषा पुन्हा मारा. त्याच आठवड्यात पाचवी-सहावीच्या मुलांना मैदानावर बोलवा आणि जुन्या संघातल्या दोघा-तिघांना त्यांना ले-अप शिकवायला लावा. 2.60 मीटरवर एखादी छोटी रिंग बसवता आली तर त्यांच्यासाठी तीच लावा.